वाट पोटातून, पोट वारुळात

लाकडासारखं दरिद्री अन्न दुसरं नाही. झाडाच्या पानात, फळात, बियांत जे पोसणारं असतं, त्यातलं जुन्या खोडाच्या गाभ्यात जवळजवळ काही उरत नाही. तिथे असतं सेल्युलोज. ते साखरेच्याच कणांचं बनलेलं, पण कण एकमेकांना असे जखडलेले की बहुतेक प्राण्यांच्या पोटाला ते सुटे करता येत नाहीत. त्यावर लिग्निन, ते याहून चिवट. शरीर बांधायला जो नायट्रोजन लागतो तो शंभर भागांत अर्धा भागसुद्धा नाही. बहुतेक लाकडांत त्याच्याही खूप खाली. चारी बाजूंनी अन्न, आणि तरी उपासमार. लाकडावर जगणाऱ्या कीटकाला या दारिद्र्याची भरपाई कशानं तरी करावीच लागते. ज्या दोन लिखाणांबद्दल मी इथे लिहितो आहे, त्यांत या भरपाईच्या दोन तऱ्हा दिसतात. एक कीटक ती वेळ देऊन करतो. दुसरा समाज उभारून.

पहिलं लिखाण म्हणजे झाँ-आंरी फाब्र या फ्रेंच निरीक्षकानं ओकच्या खोडात वाढणाऱ्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यावर लिहिलेलं प्रकरण. 'सुव्हनिर आंतोमोलोजिक' या त्याच्या दहा खंडी ग्रंथाच्या चौथ्या खंडात ते आहे. दुसरं, दक्षिण आफ्रिकेतल्या युजीन मॅरेचं वाळवीवरचं पुस्तक, 'दी सील फान दी मीर'. आफ्रिकान्स भाषेतल्या या पुस्तकाचं विनिफ्रेड डी कॉक यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९३७ साली 'द सोल ऑफ द व्हाइट अँट' या नावानं निघालं. दोन्ही नायक लाकडावर पोसलेले, एवढंच साम्य. भुंगेऱ्याची अळी एकटी. वाढीच्या सगळ्या वर्षांत तिला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही. वाळवीला एकटीनं जगताच येत नाही. आणि लेखनही त्या त्या कीटकासारखंच उतरलं आहे. फाब्रचं प्रकरण एका बोगद्यातून सरळ पुढे जातं, त्यात एक जीव आणि एक खोली. मॅरेचं पुस्तक गर्दीचं, मध्येच वळणारं, एका विषयातून दुसऱ्यात शाखा फुटणारं.

फाब्रचा जन्म १८२३चा, मृत्यू १९१५चा. उमेदीची वर्षं तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकीत गेली. १८७९ साली सेरिन्याँ या खेड्यात दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची एक पडीक जमीन त्याला घेता आली, आणि तिथे तो शेवटपर्यंत किड्यांच्या सोबतीनं राहिला. भुंगेऱ्याचं प्रकरण हिवाळ्याच्या सरपणापासून सुरू होतं. लाकूडतोड्याला त्यानं बजावून ठेवलं आहे की चांगली लाकडं नकोत, म्हातारी, पोखरलेली, किडकी आण. लाकूडतोड्याला या लहरीचं नवल वाटतं. धड लाकूड जास्त चांगलं जळतं हे कुणालाही कळतं. मग ओंडके फोडले जातात आणि आतले बोगदे उघडे पडतात. ही सुरुवात मला फार आवडते. निसर्ग बघायला कुठे जायचंच नाही. जळण म्हणून जे घरात आलं, त्यातच सगळं आहे. आणि ज्याला इतर लोक खराब माल म्हणतात तो मागून घ्यायचा, ही फाब्रची जन्मभराची रीत पहिल्याच परिच्छेदात समजते.

अळीचं वर्णन तो जबड्यांपासून करतो. दोन काळे, आखूड, टणक जबडे. त्यांना दाते नाहीत, कोरायची धार आहे. बाकी अंग हस्तिदंती पांढरं, मऊ, तुकतुकीत. जबडे लाकूड कोरतात, कोरलेलं तोंडात जातं, आतड्यातून जाताना जो काही थोडा रस असेल तो देऊन जातं आणि मागे भुसा होऊन दाबून बसतं. मागची वाट त्या भुशानं बुजते, पुढची खाण्यानं उघडते. रस्ता करणं आणि जेवणं ही तिची वेगळी कामं नाहीत. फाब्र तिला सरपटणाऱ्या आतड्याच्या तुकड्याची उपमा देतो. उपमा किळसवाणी वाटेल, पण तिच्यात तुच्छता नाही. ती नेमकी आहे. अळीची वाट खरोखरच तिच्या पोटातून गेलेली असते. पाय आहेत ते नावापुरते. चालते ती पाठीवरच्या आणि पोटावरच्या फुगीर गाद्यांनी, बोगद्याच्या वरच्या आणि खालच्या भिंतीला एकाच वेळी रेटा देत. टेबलावर काढून ठेवली तर नुसती वळवळते, पुढे सरकत नाही. तिचं शरीर बोगद्यासाठीच घडलेलं, आणि बोगदा तिच्या शरीराच्या मापाचा.

मग तो एकेक इंद्रिय तपासायला घेतो. डोळे? त्यांची खूणसुद्धा नाही, आणि खोडाच्या पोटातल्या अंधारात त्यांचं काम तरी काय. कान? तो तिच्याजवळ टणक वस्तू आपटून बघतो, धातू वाजवतो, करवतीवर कानस घासतो. अळी ढिम्म. वास? उग्र वासाच्या सायप्रसच्या लाकडात खाच करून तीत अळी ठेवतो, जवळ कापूर ठेवतो. काही नाही. चव? तीन वर्षं एकच ओक चघळणाऱ्या जिभेला कसली आवडनिवड? स्पर्श तेवढा उरतो. हा सगळा भाग मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा त्याच्या रचनेकडे लक्ष जातं. फाब्र नकारांची माळ ओवत जातो. प्रत्येक प्रयोगाला एक-दोन वाक्यं, मोठे शब्द नाहीत, दया दाखवणं नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र अळी लहान लहान होत जाते. शेवटी तिच्यापाशी एक भूक आणि एक अंधार, याखेरीज काही राहत नाही.

हे त्यानं का केलं, याचं उत्तर त्याच्या तरुणपणात आहे. अठराव्या शतकातल्या काँदिलाक या तत्त्वज्ञानं एक पुतळा कल्पिला होता. त्या पुतळ्याला आधी फक्त वास घेण्याची शक्ती द्यायची, मग एकेक करून बाकीची इंद्रियं. आणि एवढ्यातून त्याच्यात स्मृती, तुलना, इच्छा, सगळं मन उगवतं, असं त्याचं म्हणणं. तरुण फाब्रला या कल्पनेनं भुरळ घातली होती. आता त्याच्यासमोर जिवंत पुतळा होता, काँदिलाकच्या पुतळ्याहूनही रिता. तत्त्वज्ञान बरोबर असेल, तर या अळीला काहीएक कळता कामा नये.

आणि इथे प्रकरण उलटतं. ओकच्या आत जन्मलेला पूर्ण वाढीचा भुंगेरा अंगानं मोठा, कवच कडक, मिशा शरीराहून लांब. तो बाहेर कसा पडतो? पहिलं उत्तर सुचतं की आपल्या जबड्यांनी लाकूड कोरून पडत असेल. फाब्र ते उत्तर मानून गप्प बसत नाही. ओकचे तुकडे उभे चिरून त्यांत खोल्या कोरतो, नुकते कोषातून निघालेले भुंगेरे त्यांत ठेवतो, तुकडे जोडून तारेनं आवळतो. जून येतो. आतून खरवडण्याचे आवाज येऊ लागतात. बाहेरच्या जगात आणि त्यांच्यात जेमतेम दोन सेंटीमीटर लाकूड आहे. शेवटी तुकडे उघडले तेव्हा सगळे मेलेले. एकही बाहेर पडला नाही. ज्यांनी खटपट केली त्यांच्यापाशी चिमूटभर भुसा. मग तो बोरूच्या नळ्या घेतो, ज्यांच्या आड फक्त सांध्याचा पातळ पडदा आहे. त्यांतले काही सुटतात, काही तिथेही मरतात.

म्हणजे बाहेरची वाट भुंगेऱ्याची नाही, अळीची आहे. कोषात जायच्या आधी ती खोल गाभा सोडून सालीच्या दिशेनं बोगदा काढते. सालीचा अगदी पातळ पापुद्रा शिल्लक ठेवते, कधी तोही काढून टाकते. बाहेर पक्षी आहेत, ऊन आहे, सगळे धोके आहेत. तिच्या एवढ्या वर्षांच्या आयुष्यात सालीकडे जाणं म्हणजे मरण होतं. तरी ती जाते. आणि खिडकी करून झाल्यावर तिथे थांबत नाही. थोडी मागे येते, बाजूला एक प्रशस्त, चपट्या लंबगोल आकाराची खोली कोरते, ८ ते १० सेंटीमीटर लांब. भिंतींवर लाकडाचे बारीक तंतू उकलून मऊ अस्तर करते, कारण कोषाचं अंग नाजूक असतं. मग दार लावते. बाहेरून लाकडाच्या छिलक्यांचा ढीग आणि आतून एक पांढरी, टणक, आतल्या अंगानं खोलगट झाकणी.

या झाकणीपाशी फाब्र रेंगाळतो, आणि माझ्या मते प्रकरणातली ही सर्वांत सुंदर जागा आहे. तो तिच्यावर आम्ल टाकतो. फसफस होते, झाकणी विरघळते. म्हणजे ती चुन्याची, शंखशिंपल्यांत असतो त्याच चुन्याच्या जातीची. ओकच्या पोटात चुना आला कुठून? अळीच्या शरीरातून. तिनं आयुष्यभर लाकडातून गाळून साठवला आणि या एका क्षणासाठी ओकून दाराला लावला. तत्त्वज्ञाच्या पुतळ्याशी सुरू झालेला वाद इथे परीक्षानळीत येतो, आणि दोन्हीकडे फाब्रचं गद्य सारख्याच निश्चिंतपणे चालतं.

शेवटचा तपशील फार साधा आहे आणि तोच सर्वांत भारी आहे. दार लावल्यावर अळी डोकं दाराकडे करून पडते. ती लवचीक आहे, तिला कोणत्याही बाजूनं वळता येतं, तिला त्यानं काही फरक पडत नाही. पण उद्याचा भुंगेरा कवचात ताठ असेल. डोकं आतल्या बाजूला असेल तर त्याला त्या अरुंद खोलीत वळता येणार नाही आणि तो तिथेच मरेल. अळी ते विसरत नाही. भुंगेरा जागा होतो, कपाळानं झाकणीला धक्का देतो, झाकणी सुटते, छिलके बाजूला होतात, समोर मोकळी वाट आणि टोकाला पातळ साल. उन्हाळ्यातले काही आठवडे उजेडात, जोडीदार, अंडी, मृत्यू.

फाब्रचा निष्कर्ष असा की हे ज्ञान इंद्रियांतून आलेलं नाही; ते अळीला आरंभापासून दिलेलं आहे. उत्क्रांतीवर त्याचा विश्वास नव्हता. डार्विननं त्याच्या निरीक्षणाची मनापासून वाखाणणी केली होती, दोघांचा पत्रव्यवहारही होता, पण फाब्र आपल्या मतावरून हलला नाही. मला इथे त्याच्याशी भांडावंसं वाटतं, आणि भांडायला पुरावा त्याचाच घ्यावासा वाटतो. तारेनं आवळलेल्या त्या ओकच्या तुकड्यांत मेलेले भुंगेरे म्हणजे डार्विनची निवड प्रत्यक्ष घडताना पकडलेली. ज्या अळीनं वाट केली नाही, तिचा भुंगेरा आत मेला आणि त्याची अंडी कधी घातली गेली नाहीत. ज्या अळीनं डोकं उलटीकडे ठेवलं, तिचंही तसंच. अशा असंख्य बंद खोल्यांच्या पलीकडे आजची अळी उभी आहे. फाब्रनं ते दृश्य इतकं स्वच्छ मांडलं की त्याचा स्वतःचा सिद्धान्त बाजूला ठेवूनही ते पूर्ण उभं राहतं. निरीक्षणाचं यश याहून मोठं काय असणार?

आता वेळेकडे येऊ. ओकमधली तीन वर्षं फाब्रच्या वाक्यांत पुन्हा पुन्हा येतात. ही तीन वर्षं आळसाची नाहीत, अन्नाच्या गरिबीची आहेत. पोषण इतकं थोडं की एक शरीर उभं करायला ढीगभर लाकूड आतड्यातून काढावं लागतं. लाकूड जितकं सुकं आणि जुनं, तितका हा काळ लांबतो. युरोपात घरांच्या पाइनच्या वाशांत राहणारी याच कुळातली एक अळी कधीकधी दहा वर्षांहून जास्त काळ अळीच राहते. लाकडात प्रथिनं किती, यावर ते ठरतं. दुसऱ्या एका कुळातला सोनेरी हिरवा भुंगेरा इंग्लंडमधल्या एका घराच्या जिन्यातून १९८३ साली बाहेर आला, तेव्हा त्या लाकडात त्याची अळी ५१ वर्षं होती अशी नोंद आहे. एवढी वर्षं बालपण, आणि पुढे काही आठवडे प्रौढपण.

कोकणातल्या आंबा बागायतदाराला लांब मिशांच्या या कुळाची ओळख करून द्यायला नको. आंब्याच्या खोडात शिरणाऱ्या अळीला तिकडे भिरूड म्हणतात. खोडाला भोक, भोकातून लाकडाचा भुसा आणि विष्ठा, वरची फांदी वाळायला लागलेली. भोकात तार घालून अळी ओढून काढायची, नाहीतर औषधाचा बोळा कोंबून भोक चिखलानं लिंपायचं. ही अळी जिवंत झाड खाते आणि वर्षानुवर्षं जोपासलेलं कलम घालवते. बागायतदाराला तिच्याविषयी माया वाटावी असं कुणी म्हणणार नाही. पण तार आत घालताना हात जो वळणावळणाचा बोगदा चाचपतो, तो फाब्रच्याच बोगद्याचा भाऊबंद.

मॅरेकडे वळताना गद्याचा स्वभावच बदलतो. जन्म १८७१, प्रिटोरियाचा. वकील, पत्रकार आणि मुख्यतः कवी. आफ्रिकान्स कवितेच्या आरंभीच्या मोठ्या नावांत त्याचं नाव घेतलं जातं. ट्रान्सव्हालच्या उत्तर भागातल्या वॉटरबर्गच्या डोंगरांत राहून त्यानं बबून माकडं आणि वाळवी वर्षानुवर्षं पाहिली. वाळवीवरचे त्याचे लेख १९२० नंतरच्या दशकात आफ्रिकान्स नियतकालिकांत आले. १९२६ साली मॉरिस मेटरलिंक या नोबेलविजेत्या बेल्जियन लेखकाचं वाळवीवरचं पुस्तक निघालं, तेव्हा आपली मध्यवर्ती कल्पना त्यानं उचलली असा जाहीर आरोप मॅरेनं केला. मॉर्फिनचं व्यसन जन्मभर सुटलं नाही, आणि १९३६ साली त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. इंग्रजी पुस्तक त्यानं पाहिलं नाही.

त्याचं पुस्तक उड्डाणापासून सुरू होतं. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या वारुळातून बाहेर पडतात. आपल्याकडेही मृगाच्या आसपास दिव्याभोवती पंखांचा खच पडतो, तोच हा क्षण. मादी थोडंसंच उडते, खाली उतरते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पंख गाळून टाकते. मग स्थिर राहून नराला संकेत देते. मॅरेचं म्हणणं असं की ते उड्डाण काही हातांचं का असेना, झालंच पाहिजे. ते झालं नाही तर पुढचं काहीच घडत नाही, जोडी जमत नाही, वारूळ सुरू होत नाही. फाब्र जिथे मोजपट्टी लावतो तिथे मॅरे अट शोधतो. कशाशिवाय हे अडेल, हा त्याचा प्रश्न. कवीला सुचणारा प्रश्न आहे तो, आणि निसर्गाच्या अभ्यासात तो फार उपयोगी पडतो.

मग येते ती त्याची प्रसिद्ध कल्पना. वारूळ ही वसाहत नाही, तो एक प्राणी आहे. मातीची भिंत त्याची कातडी. कामकरी आणि सैनिक म्हणजे त्याच्या रक्तातल्या पेशी. बुरशीचे मळे म्हणजे त्याचं पोट. राणी, जी आपल्या मातीच्या कोठडीतून कधी बाहेर येऊ शकत नाही, ती त्याचं गर्भाशय आणि तीच त्याचा मेंदू. फक्त हा प्राणी चालत नाही. अशी कल्पना त्याच्या आधी मुंग्यांबाबत अमेरिकन शास्त्रज्ञ व्हीलरनं १९११ साली मांडली होती, पण मॅरे ती अवयवानं अवयव जुळवत जातो आणि वाचणारा त्याच्याबरोबर ओढला जातो. मला या उपमांत सर्वांत पक्की वाटते ती पोटाची. बाकीच्या उपमा आहेत. पोटाची गोष्ट जवळजवळ वस्तुस्थिती आहे.

कारण मॅरे ज्यांच्याविषयी लिहितो त्या बुरशी पिकवणाऱ्या वाळव्या, लाकूड स्वतःच्या पोटात पुरतं पचवतच नाहीत. कामकरी वाळलेलं लाकूड, काटक्या, गवत चावून आणतात. ते त्यांच्या आतड्यातून झटपट जातं आणि वारुळात विष्ठेच्या रूपानं मधाच्या पोळ्यासारख्या रचनेत लावलं जातं. त्यावर टर्मिटोमायसेस ही बुरशी वाढते. चिवट लिग्निन फोडायचं काम ती करते. बुरशी श्वास घेते, त्यात कार्बन वायू होऊन निघून जातो, नायट्रोजन मागे राहतो. मूळच्या लाकडात जे पोषण पातळ होतं ते आता दाट होतं. मग वाळव्या त्या बुरशीचे पांढरे मणी आणि जुनं पोळं खातात. पचन पोटाबाहेर काढून सगळ्यांच्या मध्ये ठेवलं आहे. आणि एवढी बुरशी श्वास घेणार म्हणजे उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड साचणार. वारुळाच्या उंच भिंती आणि नळ्या ते बाहेर सोडण्यासाठीच. जे. स्कॉट टर्नर यांनी नामिबियातल्या वारुळांवर केलेल्या कामात ही भिंत फुप्फुसासारखी कशी वागते ते दाखवलं. मॅरेची कातडी आणि पोट या दोन उपमांना असा उशिरा आधार मिळाला.

बुरशीच्या या मळ्यांची ओळख आपल्याकडे जुनी आहे. तंजावर-तरंगमबाडीच्या परिसरात हिंडलेल्या योहान गेऱ्हार्ड कोएनिग या, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या शिष्यानं १७७९ सालीच वाळवीच्या वारुळातल्या बुरशीची नोंद केली होती. कोकणात आणि गोव्यात तर हे ज्ञान स्वयंपाकघरातलं आहे. पावसाळ्यात वारुळाच्या जागी उगवणारी अळंबी, गोव्यातली रोयणीवरची अळमी, ही याच बुरशीची फळं. ती शेतात लावून उगवत नाहीत. वाळवीशिवाय त्या बुरशीचा संसार चालत नाही.

मॅरेचा पोलादी पत्र्याचा प्रयोग मात्र वेगळ्या नजरेनं वाचावा लागतो. वारुळाच्या मधोमध पोलादी पत्रा ठोकून त्यानं त्याचे दोन भाग केले, दोन्हीकडे भिंतीला खिंडार पाडलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बाजूंच्या कामकऱ्यांनी, एकमेकांचा संबंध तुटलेला असताना, जुळणाऱ्या कमानी उभ्या केल्या. आणि राणीला मारताच दोन्ही बाजूंचं काम एकदम थांबलं. यावरून त्यानं राणीत वारुळाचा आत्मा ठेवला. हा प्रयोग पुढच्या विज्ञानानं स्वीकारला नाही. १९५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-पोल ग्रासे यांनी वेगळं स्पष्टीकरण दिलं: कामकरी वाळवीला हुकूम देणारं कुणी नसतं, तिला हुकूम देतं ते झालेलं बांधकाम. एकीनं मातीची गोळी ठेवली की ती गोळीच दुसरीला पुढची गोळी ठेवायला भाग पाडते. असे खांब वाढतात, झुकतात, त्यांच्या कमानी होतात.

माझ्या वाचनात यामुळे मॅरे लहान होत नाही. त्यानं विचारलेला प्रश्न खरा होता: एवढ्या आंधळ्या जिवांना एकत्र काय धरून ठेवतं? राणीकडे बोट दाखवणं चुकलं, पण आत्मा कुठल्या एका वाळवीत नाही, त्यांच्या मधल्या जागेत आहे, ही त्याची मूळची ओढ बरोबर होती. पत्र्याच्या प्रयोगात तो स्वतःच्या कल्पनेशी थोडा बेइमान झाला, असं मला वाटतं. सबंध प्राण्याची कल्पना मांडून झाल्यावर त्याला पुन्हा एक मुकुट हवासा वाटला.

समाजाची गरज लाकडातूनच कशी उगवली, हे मॅरेच्या हयातीतच दुसरीकडे उलगडत होतं. अमेरिकेत एल. आर. क्लीव्हलँड यांनी १९२४ साली दाखवलं की, वारूळ न बांधणाऱ्या, लाकूड खाणाऱ्या वाळव्यांच्या आतड्यात एकपेशीय जीवांची दाटी असते. ते मारून टाकले तर वाळवी लाकूड खात राहते आणि काही आठवड्यांत भुकेनं मरते. ते परत आतड्यात गेले की वाळवी जगते. पुढची गोष्ट याहून महत्त्वाची: वाळवी प्रत्येक वेळी कात टाकते तेव्हा आतड्याच्या अस्तराबरोबर हे पाहुणे जातात. ते परत मिळवायचे तर दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातून आलेला थेंब चाटावा लागतो. एकटी पडलेली वाळवी पुढच्या कातीनंतर पोट गमावते. लाकूड खाणाऱ्या एका जातीच्या झुरळात क्लीव्हलँड आणि सहकाऱ्यांना १९३४ साली असेच जीव सापडले, आणि वाळवी ही मुळात झुरळांच्याच वंशातली आहे हे पुढे जनुकांवरून पक्कं झालं. आईबापांनी पिलांपाशी थांबणं, पिलांनी त्यांच्यापाशी राहणं, या एकत्र राहण्याची सुरुवात पचनाच्या देवाणघेवाणीत झाली असावी, हा विचार तिथून आला. नायट्रोजनचंही तसंच: वाळवीच्या आतड्यातले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, हे १९७३ साली सिद्ध झालं. फाब्रच्या अळीनं जी गरिबी वर्षांनी भरून काढली, ती वाळवीनं माणसं जोडावीत तसे जीव जोडून भरून काढली.

मग अळी खरंच एकटी आहे का? २०१६ साली आशियातल्या एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. लाकडाच्या पेशीभिंती फोडणारी अनेक जनुकं त्यात सापडली, आणि त्यांतली काही मुळात जीवाणूंची आणि बुरशीची आहेत; कधीतरी दूरच्या भूतकाळात ती या कुळाच्या पूर्वजांत आली आणि वंशात राहिली. फाब्रचा ओकमधला भुंगेरा याच कुळातला. त्यानं अळीचं प्रत्येक इंद्रिय पारखलं, तिच्या चुन्यावर आम्ल टाकलं. तिच्या पेशींत परक्या जिवांची विद्या असू शकेल हे त्याच्या काळात कुणालाच कळणं शक्य नव्हतं. पण पोटातून वाट काढणाऱ्या अळीचं त्यानं केलेलं चित्र या माहितीनं अधिकच भरीव होतं.

दोन्ही लेखक मरणाविषयी किती वेगळं लिहितात, तेही पाहण्यासारखं आहे. फाब्रच्या पानांवर एक भुंगेरा मेला की सगळं संपतं. तारेनं बांधलेला तुकडा उघडतानाचं ते वाक्य म्हणूनच इतकं जड आहे. मॅरेच्या पानांवर कामकरी शेकड्यांनी मरतात आणि लेखक थांबत नाही, कारण त्याच्या लेखी ती कातडीवरची खरचटलेली जागा. त्याला दुःख होतं ते राणीच्या कोठडीपाशी, तिला बाहेर कधी पडता येणार नाही या जाणिवेनं. मानवी भावना कीटकांवर लादू नये हे त्याला ठाऊक आहे, तरी तो त्या जागी गलबलतो, आणि मला तो तिथे खरा वाटतो.

हे दोघे जोडीनं वाचायचे असतील, तर फाब्रचं प्रकरण आधी घ्यावं. ते एका बैठकीत होतं, आणि डोळ्यांना तपशील पाहायची सवय लावतं. ती सवय अंगात असताना मॅरेचं पुस्तक हाती घेतलं की त्याच्या कोणत्या उपमा पुराव्यावर उभ्या आहेत आणि कोणत्या त्याच्या इच्छेवर, हे वाचता वाचताच वेगळं होत जातं. बुरशीच्या मळ्यांवरची पानं मग दोनदा वाचावीत, पत्र्याच्या प्रयोगाची एकदा.